बोनी एमच्या गाण्यांत राहणारी माणसं

बोनी एम या डिस्को ग्रुपचं 'डॅडी कूल' सुरू होतं ना, त्यातला अगदी पहिला टिक-टिक-टिक आवाज, जो कानावर पडला की आपल्याकडे हळदीच्या मांडवात पन्नाशीतली माणसंसुद्धा हातातलं ताट खाली ठेवून उठतात, तो कुठल्या वाद्याचा नाहीये. फ्रँक फॅरियन नावाच्या जर्मन निर्मात्याने स्वतःच्या दातांवर पेन्सिल आपटून तो काढलाय. १९७६ सालची गोष्ट. बाकी सगळं, म्हणजे बेस, व्हायोलिनं, बायकांचा कोरस, या टिकटिकीच्या मागून येतं.

हा फॅरियन मुळात आचारी. रीतसर स्वयंपाकाचं शिक्षण घेतलेला आणि मग गाण्याच्या नादाने या धंद्यात आलेला. १९७५ मध्ये त्याने 'बेबी डू यू वॉना बम्प' असं एक गाणं केलं, त्यातला खर्जातला पुरुषी आवाज त्याचा, वरच्या पट्टीतला बायकी आवाजही त्याचाच, आणि रेकॉर्डवर नाव टाकलं बोनी एम, जे त्याला टीव्हीवरच्या एका ऑस्ट्रेलियन डिटेक्टिव्ह मालिकेवरून सुचलं होतं. असा ग्रुप जगात कुठे नव्हताच. गाणं चाललं, टीव्हीवाले बोलवायला लागले, मग दाखवायला माणसं हवीत म्हणून शोधाशोध सुरू झाली आणि थोडी ये-जा होऊन चौघं पक्के झाले. लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेराट बेटावरची आणि बॉबी फॅरेल अरुबाचा. चौघंही कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर जन्मलेली आणि या ना त्या वाटेने युरोपात येऊन पोचलेली. यातल्या लिझ आणि मार्सिया रेकॉर्डवर खरोखर गायच्या, पुरुषाचा आवाज फॅरियन स्वतः द्यायचा, बॉबी नाचायचा आणि ओठ हलवायचा, मेझीचंही तसंच.

हे माहीत असलेले लोक बोनी एमला प्लॅस्टिक म्हणतात. फॅक्टरीतला माल, चमचमते कपडे, उसना आवाज, यात खरं काय आहे असं विचारतात. माझ्या ओळखीत जुनं रॉक मनापासून ऐकणारे जे आहेत त्यांनी तर हा विषय कधीच निकालात काढलाय. मला हे अजिबात पटत नाही. कारण या गाण्यांच्या मागे जायला लागलं ना, की एकेका गाण्यात इतकी खरी माणसं भेटतात, तुरुंगातली, देशोधडीला लागलेली, भाऊ गमावलेली, की प्लॅस्टिक हा शब्द तोंडातून निघू नये.

आमच्याकडे चिपळूणला ही गाणी कुवेतहून आली. मामा तिकडे होता, सुट्टीवर येताना त्याने टू-इन-वन आणला आणि सोबत कॅसेटींचा एक पुठ्ठ्याचा खोका, त्यात अर्ध्या कॅसेटी कव्वालीच्या आणि अर्ध्या बोनी एम. कोकणातल्या त्या काळच्या बऱ्याच घरांत असंच झालं असणार, घरचा कुणीतरी आखातात आणि त्याच्या मागोमाग हे सूर गावात. नंतर बेंजो पार्टीवाल्यांनी गणपतीच्या मिरवणुकीत 'रासपुटिन' वाजवायला घेतलं आणि ते इतकं चपखल बसलं की आमच्या आळीतल्या पोरांना ते आपलंच वाटायचं. इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण लिझचा आवाज कळायचा. आजी तर म्हणायची, ही बाई देवाचं म्हणतेय बघ. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'बद्दल म्हणायची ती, आणि तिने ते नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं.

कारण ते खरंच देवाचं आहे. बायबलमधलं एकशे सदतिसावं स्तोत्र. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बॅबिलॉनच्या राजाने, नबुखद्नेस्सरने, जेरुसलेम पाडलं, देऊळ जाळलं आणि ज्यूंना बंदी करून आपल्या मुलखात नेलं. तिथे नदीकाठी बसून ती माणसं आपल्या गावाच्या आठवणीने रडतायत, आणि ज्यांनी पकडून आणलंय तेच म्हणतायत, गा की, तुमच्याकडचं एखादं गाणं म्हणा, आमची करमणूक करा. आणि ही माणसं आपली वाद्यं झाडांना टांगून ठेवतात. परक्या मुलखात देवाचं गाणं कसं गाऊ, असं विचारतात. म्हणजे हे मुळात गायला नकार देणाऱ्यांचं गाणं आहे. मी जेव्हा जेव्हा या जागी येतो तेव्हा थांबतो. न गाण्याबद्दलचं गाणं, आणि त्यावर सगळं जग नाचलंय.

या स्तोत्राचा शेवट तर भयंकर आहे. बॅबिलॉनची पोरं जो खडकावर आपटेल तो धन्य, अशा अर्थाची शापवाणी आहे शेवटी. गाण्यात तो भाग कुणीच घेतलेला नाही, आणि बरं झालं, पण तो तिथे आहे हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण वरच्या रडण्याखाली केवढा राग साचलाय ते त्यावरून कळतं.

आता किंग्स्टनला जाऊ, जमैकाच्या राजधानीत. तिथे साठच्या दशकात लेस्ली काँग नावाचा चिनी वंशाचा एक जमैकन माणूस भावांबरोबर आइस्क्रीम पार्लर चालवायचा, तिथेच रेकॉर्डही विकायचे, दुकानाचं नाव बेव्हर्लीज. एक दिवस जिमी क्लिफ नावाचा कोवळा पोरगा आत आला आणि दुकानाच्याच नावावर रचलेलं गाणं म्हणून दाखवलं, आणि काँग रेकॉर्डिंगच्या धंद्यात पडला. पुढे जगभर गाजलेला जमैकन गायक बॉब मार्ले, त्याची अगदी पहिली रेकॉर्ड काढणारा हाच, १९६२ मध्ये. या काँगकडे मेलोडियन्स नावाचं त्रिकूट गायचं, ब्रेंट डो, ट्रेव्हर मॅकनॉटन आणि टोनी ब्रेव्हेट. १९७० मध्ये त्यांनी 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' केलं. डो आणि मॅकनॉटनने एकशे सदतिसाव्या स्तोत्रातले शब्द घेतले, एकोणिसाव्यातली एक ओळ जोडली, माझ्या तोंडचे शब्द आणि मनातला विचार तुला रुजू होवो ही ती ओळ, आणि एक महत्त्वाचा बदल केला. मूळात जिथे देवाचं गाणं असं आहे तिथे त्यांनी किंग अल्फाचं गाणं असं म्हटलं.

किंग अल्फा म्हणजे इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी. जमैकातले रास्ता पंथाचे लोक त्याला देव मानतात. १९३० मध्ये त्याला राज्याभिषेक झाला तेव्हापासूनची ही श्रद्धा, त्याचं आधीचं नाव रास तफारी, त्यावरूनच पंथाचं नाव. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना आफ्रिकेतून साखळदंड घालून उसाच्या मळ्यात राबायला आणलं, त्यांनी बायबल वाचलं आणि त्यातली हद्दपारीची गोष्ट वाचून म्हणाले, ही तर आमचीच. आमचं झायन, म्हणजे बायबलमधली परतायची पवित्र भूमी, ती आफ्रिका. आणि बॅबिलॉन म्हणजे हे सगळं, हे सरकार, हे पोलीस, हे मळेवाले. आपल्याकडे जात्यावर बसलेल्या सासुरवाशिणीने माहेराची ओवी म्हणावी ना, त्या जातीचं हे गाणं आहे, फक्त इथे माहेर समुद्रापलीकडे आहे आणि तिथे कुणी घ्यायला येणार नाहीये.

रास्तांना त्या काळी जमैकात फार वाईट वागवलं जायचं. १९६३ च्या एप्रिलमध्ये कोरल गार्डन्सला हिंसाचार झाला, त्याचं निमित्त करून सरकारने दिसेल त्या रास्ताला धरलं, मारलं, जटा कापल्या. त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती थेट २०१७ मध्ये. तर अशा देशात १९७० मध्ये रेडिओवर किंग अल्फाचं नाव घेणारं गाणं येतं म्हटल्यावर काय होणार, बंदी आली. लेस्ली काँगने सरकारला सांगितलं की अहो यातले जवळजवळ सगळे शब्द बायबलमधले आहेत, तुम्ही बंदी कशावर घालताय? बंदी उठली, आणि गाणं बघता बघता जमैकात पहिल्या नंबरवर गेलं. काँग पुढच्याच वर्षी हार्ट अटॅकने गेला, चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. मग १९७२ मध्ये 'द हार्डर दे कम' हा जमैकन सिनेमा आला, त्यात हे गाणं होतं, आणि त्या सिनेमाच्या रेकॉर्डबरोबर ते लंडनला, अमेरिकेला पोचलं.

मेलोडियन्सचं रेकॉर्डिंग ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी जरूर ऐका. संथ आहे. बेस जड पावलांनी चालतो, तिघांचे आवाज एकमेकांना धरून राहतात, कुणी पुढे धावत नाही. एखाद्या लहान प्रार्थनाघरात बाकावर बसलेले लोक म्हणत असावेत इतकं साधं.

आठ वर्षांनी, १९७८ मध्ये, ते फॅरियनच्या हाती लागलं. त्याने काय केलं, किंग अल्फा काढला. तिथे परत साधा देव आणला, सगळ्या ख्रिस्ती जगाला चालेल असा. रास्ता पंथाचं नावच पुसलं गेलं गाण्यातून. ज्या एका शब्दासाठी बंदी आली होती तोच शब्द गेला. हे मला खटकतं आणि खटकत राहील. व्यापारी डोक्याने घेतलेला निर्णय आहे, आणि तो बरोबर ठरला म्हणून चांगला ठरत नाही. गाण्याच्या श्रेयातही डो आणि मॅकनॉटनच्या जोडीला फॅरियन आणि रेयाम अशी दोन नावं आली. रेयाम म्हणजे फॅरियनचा सहकारी हान्स-यॉर्ग मायर, आडनाव उलटं लिहून केलेलं टोपणनाव.

पण मग बोनी एमचं गाणं लावून नीट ऐका, हेडफोन घालून. सुरुवातीला शब्द नाहीत, नुसते स्वर आहेत, एकावर एक चढवलेले, मोठ्या चर्चमध्ये घुमल्यासारखे, आणि मग लिझ येते. तिचा आवाज गोड आहे पण त्यात एक ओढ आहे, ती ओढ शिकवून येत नाही. ही मुलगी जमैकात क्लॅरेंडन भागात जन्मलेली, १९६३ च्या सुमारास आईवडिलांकडे लंडनला आलेली. त्या वर्षांत ब्रिटनने कॅरिबियन बेटांवरून माणसं कामाला बोलावली, आणि ती आल्यावर त्यांना घर भाड्याने द्यायला लोक तयार नव्हते. मार्सियाही तशीच, त्याच सुमाराला जमैकातून इंग्लंडला आलेली. म्हणजे आफ्रिकेतून जमैका ही एक हद्दपारी आणि जमैकातून लंडन ही दुसरी. फॅरियनने शब्द पुसला, पण ज्या गळ्यातून ते गाऊन घेतलं त्या गळ्याला सगळं माहीत होतं. माझी आजी जे ऐकत होती ते हेच असणार असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे पहिल्या नंबरवर होतं. मग ते खाली घसरायला लागल्यावर रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटी करून मागची बाजू लावायला सुरुवात केली, आणि मागच्या बाजूला होतं 'ब्राउन गर्ल इन द रिंग', ते सुटलं आणि दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. एकाच तबकडीच्या दोन्ही बाजू अशा चालल्या. हे दुसरं गाणं तर कॅरिबियन लहान मुलींचा खेळ आहे, गोल धरायचा, एकीने मध्ये उभं राहायचं आणि आपली हालचाल करून दाखवायची, आपल्या भोंडल्यात कसा फेर धरतात तसाच प्रकार. लिझने बोनी एममध्ये येण्याआधीच, १९७५ मध्ये, ते दुसऱ्या एका ग्रुपबरोबर गायलं होतं. म्हणजे ते गाणं फॅरियनने तिला दिलं नाही, ती सोबत घेऊन आली होती.

इथे एक आपली गोष्ट सांगायलाच हवी. या स्तोत्रातल्या ज्यूंशी आपलं मूळ जोडणारे लोक आपल्या रायगडात शतकानुशतकं राहत होते, बेने इस्रायली. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी, बायबलमधल्या गोष्टींवर कीर्तनंसुद्धा मराठीत. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, म्हणजे ज्या झायनसाठी त्या नदीकाठी रडले होते तिथे. आणि तिथे जाऊन त्यांना कोकण आठवायला लागलं, नारळ, पोहे, अलिबाग-रेवदंड्याचा किनारा, मराठी. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. या लोकांनी हे स्तोत्र म्हणताना डोळ्यांपुढे नेमकी कुठली नदी आणायची? मला याचं उत्तर नको आहे, पण बोनी एमचं गाणं लागलं की रेवदंड्याची खाडी माझ्या मनात येतेच.

'सनी'चंही असंच. बोनी एमचं 'सनी' १९७६ चं, लिझनेच गायलेलं, उन्हासारखं लख्ख गाणं. ते मूळ बॉबी हेबचं, अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा हा कृष्णवर्णीय गायक, आई आणि वडील दोघंही आंधळे आणि दोघंही वादक. बॉबी आणि त्याचा मोठा भाऊ हॅरोल्ड लहानपणी जोडीने नाच-गाण्याचे कार्यक्रम करायचे. १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये, २२ तारखेला राष्ट्राध्यक्ष केनेडींना गोळ्या घातल्या, अख्खा देश सुन्न, आणि दुसऱ्याच दिवशी हॅरोल्डला एका नाइटक्लबबाहेर भोसकून मारलं. त्या दिवसांत बॉबीने हे गाणं लिहायला घेतलं. त्याला त्या अंधारात काहीतरी उजेडाचं हवं होतं. १९६६ मध्ये ते बाहेर आलं आणि मग जगभर कित्येकांनी गायलं. आता ते परत ऐका. आधीचे दिवस पावसाचे होते असं त्यात म्हटलंय, ते कुठले दिवस ते आता कळेल. मला तर त्यातली प्रत्येक थँक यू जड वाटते, कुणीतरी रडून झाल्यावर चेहरा धुऊन आल्यासारखी.

'मा बेकर' मात्र वेगळ्या वाटेने आलं. चाल ट्युनिशियातल्या एका लोकगीताची, 'सिदी मन्सूर', ती फॅरियनच्या त्याच मायरला तिकडे सुट्टीवर असताना सापडली. शब्दांमधली बाई म्हणजे अमेरिकेतली केट बार्कर, म्हणायला सोपं जावं म्हणून बार्करचं बेकर केलं. १९३५ च्या जानेवारीत फ्लोरिडात एफबीआयने तिला आणि तिच्या फ्रेड नावाच्या मुलाला घरात घेरून मारलं आणि मग ही म्हणजे सगळ्या दरोड्यांची सूत्रधार असं चित्र उभं केलं गेलं. तिला ओळखणारे दरोडेखोर पुढे सांगत राहिले की त्या बाईला असल्या आखणीतलं काही कळत नव्हतं, मुलांबरोबर राहायची एवढंच. म्हणजे ज्या बाईला आपण नाचताना चार पोरांची खतरनाक आई म्हणून ओळखतो, ती बहुधा पोरांच्या मागे फरफटत गेलेली म्हातारी होती. गाणं झकास आहे, पण त्या बाईला न्याय नाही मिळालेला त्यात. मधला बातम्या देणारा पुरुषी आवाज जर्मनीत तैनात असलेल्या एका अमेरिकन सैनिकाचा, बिल स्विशर त्याचं नाव, 'रासपुटिन'मध्येही तोच बोलतो.

याच्या उलट 'एल ल्युट'. १९७९ चं गाणं. एलेउतेरिओ सांचेझ हा स्पेनमधला माणूस, भटक्यांच्या गरीब वस्तीत वाढलेला, लिहिता-वाचता न येणारा. १९६५ मध्ये एका दरोड्यात खून झाला त्यात त्याला आधी मृत्युदंड आणि मग तो कमी करून लांब कैद झाली. फ्रँकोची हुकूमशाही होती. तो तुरुंगातून पळाला, पकडला गेला, परत पळाला, अख्खा स्पेन त्याच्या मागे. आणि तुरुंगातच लिहायला-वाचायला शिकला, कायदा शिकला, पुस्तकं लिहिली. बोनी एमचं गाणं आलं तेव्हा त्याला माफी मिळालेली नव्हती, ती १९८१ मध्ये मिळाली. भटक्या-विमुक्त जमातींवर जन्मतःच चोर म्हणून शिक्का मारायचं जे काम आपल्याकडे इंग्रजांच्या कायद्याने केलं ते ज्यांनी वाचलंय त्यांना हे गाणं निराळं ऐकू येईल. डिस्कोच्या जमान्यात, ऐन भरात असलेल्या पॉप ग्रुपने जिवंत कैद्यावर गाणं करावं याचं मला आजही कौतुक वाटतं. आयर्लंडच्या दंगलींवरचं 'बेलफास्ट' हेही त्यांचंच, मार्सियाच्या दमदार आवाजातलं, पण ते मला गाणं म्हणून तितकं लागत नाही, त्यामुळे पुढे जातो.

'नो वुमन नो क्राय' त्यांनी १९७६ मध्येच गायलं होतं, मार्लेचं. श्रेयनामावलीत मार्लेने स्वतःचं नाव न घालता व्हिन्सेंट फोर्ड या मित्राचं घातलेलं आहे. हा फोर्ड किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत भुकेल्यांना जेवू घालायचा, मधुमेहाने पाय गेलेले, चाकाच्या खुर्चीत बसून सगळं चालवायचा, आणि मार्ले उपाशी असायचा तेव्हा तोही तिथे जेवलेला. गाण्याची रॉयल्टी त्या स्वयंपाकघराला मिळत राहावी अशी ती व्यवस्था होती असं मानतात. तेव्हा ते गाणं कुठेही वाजलं, बोनी एमचं असो नाहीतर दुसऱ्या कुणाचं, त्यातून कुणाच्या तरी ताटात पडत होतं.

आता बॉबी. मला या सगळ्यात बॉबी फॅरेलचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. अरुबातला पोरगा, पंधराव्या वर्षी जहाजावर खलाशी म्हणून निघाला, नॉर्वे, नेदरलँड्स, मग जर्मनीत क्लबमध्ये रेकॉर्डी लावायचं काम. त्याच्यासारखं नाचणारं तेव्हा टीव्हीवर कुणी नव्हतं, उघड्या छातीने, अंगात आल्यासारखा, प्रत्येक ताल कुठल्या ना कुठल्या सांध्यात धरलेला. त्या नाचाचे व्हिडिओ आज बघितले तरी कळतं की गाणं अर्धं त्याने विकलं. आवाज फॅरियनचा, पण फॅरियनचा चेहरा कुणाला आठवतोय? हाच फॅरियन पुढे मिली व्हॅनिली या जोडीच्या बाबतीत तेच करायला गेला, दोन देखण्या पोरांना पुढे उभं करून आवाज दुसऱ्यांचे, १९९० मध्ये ते उघडकीला आलं, त्यांना मिळालेलं ग्रॅमी पारितोषिक परत घेतलं गेलं. जगाने त्या दोन पोरांना झोडपलं, त्यातला एक १९९८ मध्ये गेलासुद्धा. शिक्षा नाचणाऱ्यांना झाली, करवून घेणाऱ्याला नाही. हे अन्यायाचं आहे, आणि फॅरियनच्या कानाला मी कितीही मानत असलो तरी हे मी त्याच्या खात्यात मांडणारच.

'रासपुटिन' बॉबीचं. रशियाच्या झारच्या घरात, त्याच्या आजारी मुलाचं रक्त थांबेना म्हणून आईने ज्या सायबेरियन बाबावर विश्वास टाकला त्याची गोष्ट, आणि बॉबी दाढी लावून, लांब झगा घालून तो व्हायचा. १९७८ च्या डिसेंबरमध्ये बोनी एम मॉस्कोला गेले, पाश्चात्य पॉप ग्रुपला तिथे असं बोलावणं ही तेव्हा केवढी गोष्ट, पण हे गाणं तिथे म्हणायचं नाही अशी अट होती. पुढे सोव्हिएत युनियन गेलं, तिथल्या लोकांना हेच गाणं हवं असायचं, आणि बॉबी आपला वेगळा ग्रुप घेऊन तिथे जायचा. २०१० च्या डिसेंबरात तो सेंट पीटर्सबर्गला होता, कार्यक्रम केला, 'रासपुटिन' म्हटलं, रात्री हॉटेलवर आला आणि ३० डिसेंबरला सकाळी खोलीत मेलेला सापडला. रासपुटिनला त्याच शहरात मारलं होतं, १९१६ मध्ये, ३० डिसेंबरलाच. या योगायोगावर लोक फार बोलतात. मला त्यापेक्षा हे जास्त लागतं की साठी ओलांडलेला, हृदयाचा त्रास असलेला माणूस शेवटच्या रात्रीपर्यंत स्टेजवर होता आणि त्या रात्री आवाज त्याचा स्वतःचा होता.

फॅरियन २०२४ च्या जानेवारीत गेला. डो, ब्रेव्हेट, मॅकनॉटन तिघंही त्याच्या आधीच गेले. लिझ अजून बोनी एमच्या नावाने कार्यक्रम करते.

आणि वसईत, वांद्र्यात, गोव्यात डिसेंबर लागला की 'मेरीज बॉय चाइल्ड' सुरू होतं ते होतंच, बोनी एमचं १९७८ चं, त्या वर्षी ब्रिटनमध्ये नाताळला पहिल्या नंबरवर असलेलं. आधी ते हॅरी बेलाफॉन्टे या अमेरिकन गायकाने गायलं होतं, १९५६ मध्ये. आणि रचलेलं जेस्टर हेअरस्टनने, हा गुलामांचा नातू, कॉयर म्हणजे समूहगान शिकवणारा, निग्रो स्पिरिच्युअल्स म्हणजे गुलामांनी म्हटलेली भक्तिगीतं लोकांच्या तोंडी राहावीत म्हणून आयुष्यभर खपलेला. त्याने ही चाल पहिल्यांदा नाताळसाठी नव्हतीच बांधली. एका मित्राचा वाढदिवस होता, तिथे बरेच वेस्ट इंडियन येणार होते, म्हणून त्याने कॅलिप्सो या कॅरिबियन गाण्यांच्या ठेक्यावर एक खाण्यापिण्याचं गाणं केलं, त्यात मक्याची रोटी होती आणि चॉकलेटचा चहा होता. नंतर एका कॉयरवाल्याने नाताळचं गाणं मागितलं तेव्हा त्याने तीच चाल काढून तिच्यात येशूच्या जन्माची गोष्ट घातली, बेलाफॉन्टेने ती त्या कॉयरकडून ऐकली आणि मला हवी म्हणाला, आणि तिथून ती लिझपर्यंत आली.